लोखंडाचा काय दोष?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय घरगुती आहे, आणि घरातली निम्मी मंडळी हे वाचतात हे माहीत असूनही लिहितोय. म्हणजे भांडण होणार हे धरूनच चाललोय.

झालं असं, की या दिवाळीत दोंडाईच्याला घरी गेलो तर भाचा दार उघडायला आला तोच एका अंगाला कलून. एकोणीस वर्षांचा पोरगा, दोन वर्षं पॉवरलिफ्टिंग करतोय, दंड असे की सदऱ्याच्या बाह्या रडतात. आणि चप्पल घालायला भिंतीला धरतोय. डेडलिफ्ट मारताना कंबरेत उसण भरली होती. त्याला चार दिवस झाले होते.

संध्याकाळी चिवड्याच्या ताटाभोवती खटला भरला. नाना म्हणाले, "लोखंडना नाद वाईट, मी पहिलेच सांगेल होतं." ताईने जिमची बॅग माळ्यावर टाकून दिली होती. मावशीला कुणाच्या तरी दिराची आठवण झाली, ज्याला वजनं उचलून उंची वाढायची थांबली होती म्हणे. (तो दीर मी पाहिलाय. त्याचे वडीलही तेवढेच होते.) एवढ्यात भाच्याचा मोबाइल वाजला. पलीकडून जिमवाले दादा. आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू आलं : "गोळी घे दोन दिवस अन् ये. हलकं मारलं की मोकळी होईल. दुखल्याशिवाय वाढतं का कुठं?"

घर म्हणतं कायमचं बंद कर. जिम म्हणते गोळी खा आणि ये. मला या दोघांशीही भांडायचंय, कारण दोघांचं एका बाबतीत एकमत आहे. त्या पोराला नेमकं काय झालं होतं हे दोघांनीही विचारलं नाही.

मी विचारलं. गच्चीवर नेऊन विचारलं. हळूहळू जे बाहेर आलं ते असं. आदल्या दिवशी शेतात मक्याचं मळणीयंत्र आलं होतं. ते रात्री दीडपर्यंत चाललं. ह्याने साठेक पोती ट्रॉलीत चढवली. झोपला अडीचला. सकाळी चहा-बिस्किटावर जिमला गेला, कारण मित्राला रील काढायची होती. मागच्या महिन्यात ११५ किलो उचलले होते. त्या दिवशी १२५ उचलले, मग १३५. मग कुणीतरी म्हणालं, अजून पाच टाक, आकडा चांगला दिसेल. १४० ला बार गुडघ्यापर्यंत आला, पाठीचं धनुष्य झालं, आणि आत काहीतरी सटकन झालं.

आता सांगा, ह्याला अपघात म्हणायचं?

आणि गंमत बघा. साठ पोती उचलली त्या रात्री ह्याच मंडळींनी त्याचं कौतुक केलं होतं. "वाघ शे आमना," असं नानांनीच म्हटलेलं. ते ओझं कुणी मोजलंच नाही. सकाळचे १४० किलो तेवढे मोजले. अहो, कंबरेला काय कळतं हे पोतं आहे की प्लेट? तिच्या वहीत दोन्ही एकाच खात्यावर पडतात. ज्या शरीराने रात्रभर मका चढवला, त्याला सकाळी आठला आजवरचा सर्वांत मोठा आकडा मागितला, आणि दोष लोखंडाला.

मी या खेळाचा वकील म्हणून सांगतोय असं समजा हवं तर. पण आकडे आहेत. वेटलिफ्टिंग आणि पॉवरलिफ्टिंग करणाऱ्या खेळाडूंच्या इजांचे अभ्यास एकत्र करून २०१७ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पॉवरलिफ्टिंगमध्ये दर हजार तासांच्या सरावाला साधारण १ ते ४.४ इजा असं प्रमाण निघालं. हजार तास म्हणजे किती? आठवड्याला तीन दिवस, रोज दीड तास धरला तर वर्षाचे होतात २३४. म्हणजे हजार भरायला चार वर्षांच्या वर लागतात. एवढ्या काळात एक ते चार वेळा काहीतरी दुखावणार. जास्त करून कंबर, खांदा, गुडघा. ज्यांना हे भयंकर वाटतं त्यांनी आपल्या गल्लीत टेनिस बॉलवर क्रिकेट खेळणाऱ्यांचे घोटे आणि बोटं जरा मोजून यावीत.

अर्थात हे आकडे नीट सराव करणाऱ्या खेळाडूंचे आहेत. मळणीयंत्रावरून थेट १४० किलोला हात घालणाऱ्यांचे नव्हेत. माझं म्हणणं तेच तर आहे. जड वजन धोक्याचं असतं ते अचानक आलं की. ११५ वरून १४० म्हणजे एका महिन्यात पंचवीस किलो. चालू ताकदीच्या वीस टक्क्यांहून जास्त. शहाणा माणूस तिथे अडीच अडीच किलोने चढतो, पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलकं करतो, आणि जास्तीत जास्त किती उचलतो हे वर्षातून दोन-तीनदाच बघतो. दर शनिवारी 'मॅक्स' मारणं म्हणजे पेरल्यापासून रोज जमीन उकरून कोंब आलाय का ते बघणं.

आता माझं. हे आजवर लिहिलं नव्हतं.

२००८ साली माझी कंबर गेली हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. गॅसचं सिलिंडर उचलताना गेली, असं सगळ्यांना माहीत आहे. आई, ते सिलिंडर नव्हतं. मी तेव्हा नोकरीच्या गावी एका जिममध्ये जात होतो. डेडलिफ्टच करताना कंबरेत कळ आली. त्या आधी तीन आठवडे उजव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत मुंग्या येत होत्या. तिथल्या माणसाला सांगितलं तर तो हसला, म्हणाला मसल उघडतोय. घरी सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता ते आज ताईकडे बघून कळतंच आहे. म्हणून कुणालाच सांगितलं नाही. चकती सरकली होती. तीन महिने काढले, त्यातले पहिले पंधरा दिवस तर शिंक आली तरी पलंगाची कड धरायचो. आणि तुम्हाला फोनवर सांगितलं, सिलिंडर.

हे कबूल करायचं कारण असं की परवा गच्चीवर भाच्याने सांगितलं, त्याचीही कंबर तीन आठवड्यांपासून कुरकुरत होती. मी म्हटलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "घरी सांगितलं तर बंद करतील, तिथं सांगितलं तर हसतील." सतरा वर्षांचं अंतर, आणि शब्द तेच. मला एकदम खजील झाल्यासारखं झालं. मी २००८ मध्ये खरं बोललो असतो तर या घरात निदान एका माणसाला तरी मांडीतल्या मुंग्यांचा अर्थ माहीत असता.

(आईला हे आधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्याकडे तेव्हा सिलिंडर होतंच कुठे, स्टोव्ह होता. असो.)

इजा टाळण्यावर ढीगभर सल्ले असतात. वॉर्मअप करा, बेल्ट बांधा, पाठ सरळ ठेवा. खरे आहेत सगळे. रिकामा २० किलोचा बार आधी, मग ६०, ८०, १०० असं पायरीपायरीने चढावं, बार नडगीला घासत वर यावा, श्वास पोटात भरून पोट चारी बाजूंनी घट्ट करावं, मग जमिनीवरून उचलावं. पण हे सगळं माहीत असलेला पोरगाही मोडतो, कारण "आज नको" म्हणायची जागा त्याला कुठेच नसते. शरीर तीन आठवडे निरोप पाठवत असतं. घेणारा कुणी नाही.

यावरून मार्केट यार्डातला एक माणूस आठवला. दोंडाईचा मिरचीसाठी प्रसिद्ध, पण यार्डात धान्यही येतं, मका तर भरपूर, स्टार्च फॅक्टरीचं गाव आहे. लहानपणी वडिलांबरोबर माल घेऊन जायचो. मिरचीच्या ढिगाजवळून जाताना नाकाला रुमाल, आणि समोर हमाल पाठीवर क्विंटलचं पोतं घेऊन थप्पीवर चढतायत. त्यातले एक बाबा होते, पन्नाशीचे, अंगाने अगदी काटकुळे. मी एकदा त्यांना विचारलं, एवढं कसं उचलता? ते म्हणाले, "उचलता बठ्ठासले येस. ठेवता येवाले पाहिजे."

हे वाक्य मला वीस वर्षांनी कळलं, पलंगाची कड धरून.

ते बाबा पोतं कधी एकट्याने जमिनीवरून पाठीवर घेत नसत. दोघं जण दोन कानांना धरून वर देणार, हे वाकून पाठ लावणार, हुकाने बेत धरणार, आणि पाय स्थिर झाले की मगच निघणार. पावसात फळी ओली असली तर चढत नसत. व्यापारी ओरडायचा. हे बिडी पेटवून बसायचे. आमच्या जिममध्ये ज्याला 'स्पॉटर' म्हणतात तो यार्डात कधीचाच होता, आणि त्याची मदत घेण्यात कुणाला कमीपणा नव्हता.

पण थांबा, मी हमालीची आरती ओवाळत नाहीये. त्याच बाबांचे गुडघे पुढे पार गेले. संडासला बसता येईना. कारण त्यांना हलका आठवडा नव्हता, सुट्टी नव्हती, हंगामात "आज नको" म्हटलं तर चूल थंड. तरी महाराष्ट्रातल्या हमालांनी संघटना केल्या, १९६९ चा माथाडी कायदा मिळवला, आणि शंभर किलोचं पोतं पन्नास किलोचं करा म्हणून वर्षानुवर्षं भांडले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचं ओझं ५५ किलोच्या वर नसावं. आता बऱ्याच ठिकाणी पोतं पन्नासचं झालंय. वजन कमी करा अशी मागणी करणाऱ्या त्या लोकांना कुणी भित्रे म्हणालं का? ज्यांचं पोट ओझ्यावर होतं त्यांनी ओझ्याला मर्यादा मागितली. आणि ज्यांना कुणी सक्ती केलेली नाही, जे महिन्याला फी भरून ओझं उचलायला जातात, त्यांना मर्यादेची लाज वाटते!

जिमवाल्या दादांशी दुसऱ्या दिवशी जाऊन बोललो. माणूस वाईट नाही. स्वतः एके काळी स्पर्धा खेळलेला, पोरांवर जीव आहे, उशिरा फी देणाऱ्याला काही बोलत नाही. पण जिममध्ये पाहिलं तर तीन भिंतींना आरसे, मोठे स्पीकर, आणि स्क्वॉटसाठी दोन सुटे खांब. बार खांद्यावर घेऊन खाली बसलात आणि उठता आलं नाही, तर तो अडवायला मध्ये काहीही नाही. आडवे दांडे का नाहीत विचारलं. म्हणाले, जागा जाते, अन् पोरं आहेत ना मागे धरायला.

पोरं मागे धरायला. २०२५ च्या फेब्रुवारीत राजस्थानात बिकानेरला सतरा वर्षांची एक मुलगी, ज्युनिअर गटात राष्ट्रीय सुवर्णपदक मिळवलेली, सरावात २७० किलोचा स्क्वॉट करत असताना बार मानेवर आला आणि ती गेली. बातम्यांप्रमाणे मागे प्रशिक्षक उभे होते, त्यांनाही लागलं. तिथे कुणाचं काय चुकलं हा निवाडा मी घरात बसून करणार नाही. पण २७० किलो खाली यायला लागले की मागे उभा असलेला एक माणूस, कितीही दणकट असो, ते झेलू शकत नाही, हे समजायला शास्त्रज्ञ लागत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धेत मंचावर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच स्पॉटर असतात. बेंच प्रेसला अंगठा बारभोवती वळवलेला नसेल तर उचल मान्यच होत नाही, म्हणजे बार तळव्यातून घसरून छातीवर येऊ नये. जगातले सर्वांत तगडे लोक, आणि त्यांच्याभोवती एवढी जपणूक. आणि आमच्याकडे आडव्या दांड्याला जागा जाते!

जी मुलं घरी एकटीच बेंच मारतात त्यांच्यासाठी एक आगाऊ सूचना. मागे कुणी नसेल तर बारच्या टोकाचे क्लिप लावू नका. अडकलात तर बार एका बाजूला कलवून प्लेटा पाडता येतात. फरशी फुटेल. फुटू द्या.

आता ज्याचा मला खरा संताप आहे ते. गोळी घे आणि ये. वेदनाशामक गोळीने वेदना जाते, इजा तिथेच असते. घरात धूर झाल्यावर धुराचा भोंगा काढून ठेवायचा आणि निवांत झोपायचं, असा तो प्रकार. आणि गोष्ट गोळीवर थांबत नाही. मेफेंटरमाइन नावाचं एक इंजेक्शन आहे. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर डॉक्टर तो वर आणायला देतात. ते जिममधली पोरं व्यायामाआधी 'दम येतो' म्हणून टोचून घेतात. महाराष्ट्रात त्याची बेकायदा विक्री करणारे पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आल्या आहेत. आता हे बघा. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी पाच बॉडीबिल्डरांच्या हाताच्या रोहिणीत नळी घालून व्यायाम चालू असतानाचा रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२० वर २५० गेला. एकाचा तर ४८० वर ३५०. आपल्या दवाखान्यात १८० दिसला की कंपाउंडर पळत डॉक्टरांना बोलवायला जातो. निरोगी माणसाचं शरीर हे काही सेकंद सोसतं, वजन खाली ठेवलं की दाब उतरतो. त्यावर आणि वरून दाब वाढवणारं औषध टोचायचं? आणि त्याने थकवा कळेनासा होतो. म्हणजे "आज नको" सांगणारा जो एकुलता एक माणूस उरला होता, आपलं शरीर, त्याच्याही तोंडात बोळा.

भाचा तसलं काही घेत नाही. त्याने डोळ्यात बघून सांगितलं आणि मी विश्वास ठेवलाय. ताई, तूही ठेव.

धुळ्याला डॉक्टरांना दाखवून आणलं. पायात ताकद आहे, मुंग्या नाहीत, चकतीचं काही दिसत नाही, स्नायू दुखावलाय म्हणाले. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली ती इथे मुद्दाम लिहितो : कंबरेच्या दुखण्याबरोबर जर लघवी-संडासवरचा ताबा गेला, किंवा बसायच्या जागेची बधिरता आली, किंवा पाय लुळा पडायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात. बाकीच्यांनी पलंगाला खिळून राहायचं नाही. हळूहळू चालायचं, आणि दुखणं उतरेल तसं हलक्या वजनापासून पुन्हा सुरू करायचं. "पुन्हा" म्हटल्यावर ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मात्र मनात म्हटलं, वा डॉक्टरसाहेब :)

बॅग माळ्यावरून उतरली. सहज नाही उतरली. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी असं ठरलं : भाच्याने वही ठेवायची. वजन, किती वेळा, आदल्या रात्रीची झोप, आणि शेतातली पोतीसुद्धा. समासात दुखण्याचा आकडा, शून्य ते दहा. चारच्या वर गेला तर त्या दिवशी ती उचल बंद, आणि घरात सांगायचं. घरच्यांनी बदल्यात एकच करायचं, ऐकून घ्यायचं आणि बॅगेला हात लावायचा नाही. हे दुसरं कलम जास्त अवघड जाणार आहे, मला माहीत आहे. मे महिन्यात खानदेशात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा पत्र्याच्या जिममध्ये दुपारी जायचं नाही, हे नानांनी स्वतःहून घातलेलं कलम. ते मी लगेच मान्य केलं. बरोबरच आहे त्यांचं.

दादांचं अजून जमलेलं नाही. मी म्हटलं, गावात नांगर, वखर, ट्रॉल्या जोडणारे एवढे वेल्डिंगवाले आहेत, दोन जाड पाइप आणि चार खांब, एका दिवसाचं काम. मांड्या आडव्या होतात त्याच्या चार बोटं खाली दांडा यावा, आणि भोकं असावीत म्हणजे प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे वर-खाली करता येईल. ते म्हणाले, बघू, एक आरसा काढावा लागेल. मी म्हटलं, आरसा मी काढून देतो. त्यावर ते हसले, हो म्हणाले नाहीत.

भाच्याने टेपने जागा मोजून ठेवली आहे. चार फूट रुंद. आरसा खरंच आड येतोय.